किशोरवयीनांच्या लससक्तीबद्दलचे जनमत: सर्वेक्षणाचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत २०१४-१५ मध्ये ११ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या सुमारे दीड हजार पालकांना विचारण्यात आले की, शाळेत जाण्यासाठी एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी लस) आवश्यक ठरवणारा कायदा ही चांगली कल्पना आहे का. सहमत झाले अवघे २१ टक्के. ५४ टक्क्यांनी असहमती नोंदवली. त्याच अभ्यासात या विधानाला नंतर एक जोड देण्यात आली: ज्या पालकांना ही लस नको असेल त्यांना नकार देण्याची मुभा राहील. या जोडीमुळे सहमतांचे प्रमाण ५७ टक्क्यांवर गेले आणि असहमतांचे २१ टक्क्यांपर्यंत खाली आले. पालक तेच होते आणि लसही तीच होती. बदलले ते केवळ एक उपवाक्य. या एकाच अभ्यासातून ‘पालकांचा सक्तीला विरोध’ असा मथळा काढता येतो, तसाच ‘निम्म्याहून अधिक पालक सक्तीच्या बाजूने’ असाही काढता येतो, आणि दोन्ही मथळ्यांना आकड्यांचा आधार असतो.

किशोरवयीनांच्या लसीकरणाच्या अटींबद्दल लोकांना काय वाटते, हे ज्यांना कामाचा भाग म्हणून सांगावे लागते, अशा बातमीदारांसाठी, शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी, आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांसाठी आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही मांडणी आहे. लस घ्यावी की नाही, किंवा सक्ती असावी की नसावी, हा येथे विषय नाही. लोकांनी जे म्हटले ते त्यांनी म्हटले तेवढेच वाचायचे कसे, एवढाच विषय आहे. या मांडणीमागची धारणा अशी आहे की ‘सक्तीला पाठिंबा किती’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नसते. कोणती लस, कोणती सक्ती, कोणती सवलत आणि कोणाला विचारलेला प्रश्न, या चार गोष्टी ठरल्यावरच आकड्याला अर्थ येतो.

आधी तीन प्रश्न वेगळे करावेत

सर्वेक्षणाचा अहवाल हाती आला की पहिले काम म्हणजे त्यातील प्रत्येक प्रश्न पुढीलपैकी कोणत्या गटात बसतो ते पाहणे. लस सुरक्षित आणि उपयोगी आहे असे वाटते का, हा पहिला गट. आपल्या स्वतःच्या मुलाला किंवा मुलीला ती द्याल का, हा दुसरा. आणि ती सर्वांनाच आवश्यक करावी का, हा तिसरा. बातम्यांमध्ये हे तिन्ही प्रश्न सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. लशीवर पूर्ण विश्वास असणारा, स्वतःच्या मुलीला ती वेळेवर देणारा पालकही ‘सरकारने हे ठरवू नये’ असे म्हणू शकतो, आणि त्याच्या म्हणण्यात कोणतीही विसंगती नसते. याउलट, लशीबद्दल थोडी धाकधूक असलेला पालक ‘नियम सर्वांना सारखा असेल तर हरकत नाही’ असेही म्हणतो.

ही फारकत केवळ तर्कापुरती नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील लशीबद्दल प्रौढांची मते अनेकदा विचारली आहेत. या लशीचे फायदे तिच्या धोक्यांपेक्षा अधिक आहेत असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ८८ टक्के होते आणि २०२३ मध्येही ८८ टक्केच होते. मात्र सरकारी शाळेत जाण्यासाठी निरोगी मुलांना ही लस आवश्यक असावी, असे म्हणणारे त्याच काळात ८२ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आले. ज्याने केवळ दुसरा आकडा पाहिला त्याने ‘लोकांचा लशीवरचा विश्वास उडाला’ असे लिहिले असते, आणि ते चुकीचे ठरले असते. घसरला होता तो सक्तीला असलेला पाठिंबा. लशीबद्दलचे मत जागचे हलले नव्हते.

कोणत्या वयाबद्दल आणि कोणत्या लशीबद्दल विचारले आहे

वरच्या परिच्छेदातील आकडे किशोरवयीनांच्या लशींबद्दलचे नाहीत, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. गोवराची लस बालपणी दिली जाते. किशोरवयात ज्या लशींचा प्रश्न येतो त्या वेगळ्या असतात: धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची वर्धक मात्रा, मेनिंगोकॉकस जीवाणूमुळे होणाऱ्या मेंदुज्वरावरील लस, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासह इतर काही कर्करोगांपासून संरक्षण देणारी एचपीव्ही लस. अमेरिकेत या तिन्हींची शिफारस साधारण ११-१२ व्या वर्षासाठी केली गेली. एचपीव्ही लशीसाठी जागतिक आरोग्य संघटना ९ ते १४ वर्षांच्या मुलींना मुख्य लक्ष्यगट मानते. त्यामुळे ‘मुलांच्या लसीकरणाला पाठिंबा’ असा आकडा उचलून तो सातवीच्या मुलीच्या एचपीव्ही लशीला लावणे म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहिणे होय.

या वयातील लशींमध्येही मते सारखी नसतात. एचपीव्हीचा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो, वर्गात शेजारी बसल्याने पसरत नाही. म्हणून ‘शाळेने ही अट का घालावी’ हा आक्षेप या लशीबाबत वारंवार घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच लसविरोधी नसतात. या युक्तिवादात एक गंमत मात्र आहे. धनुर्वातही एका मुलापासून दुसऱ्याला होत नाही. तरी त्याच्या लशीची मात्रा अनेक ठिकाणी शाळाप्रवेशाच्या यादीत वर्षानुवर्षे आहे आणि तिच्याबद्दल कोणी हा प्रश्न सहसा विचारत नाही. त्याचे एक कारण असे की ती मात्रा घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या लशीसोबत एकाच सुईतून जाते. दुसरे कारण असे की एचपीव्हीबाबत आक्षेपाच्या तळाशी बऱ्याचदा मुलीच्या वयाचा आणि लैंगिकतेच्या उल्लेखाचा संकोच असतो, आणि संसर्गाचा मार्ग हे त्याचे सांगण्याजोगे रूप असते. सर्वेक्षण वाचताना हे दोन आक्षेप वेगवेगळे विचारले गेले होते का, हे अवश्य पाहावे. ते एकत्र विचारले असतील तर विरोधाचे कारण त्या आकड्यावरून सांगता येणार नाही.

कोविडच्या लशीने आणखी एक थर चढवला. १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी तिला अमेरिकेत मे २०२१ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाने शाळेसाठी ती आवश्यक करण्याचा बेत जाहीर केला, एप्रिल २०२२ मध्ये तो पुढे ढकलला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडून दिला. या काळानंतर ‘लस आवश्यक असावी का’ एवढेच विचारले, तर उत्तर देणाऱ्याच्या मनात नेमकी कोणती लस आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही. लशीचे नाव न घेता विचारलेल्या प्रश्नांवर म्हणूनच फारसा भार टाकू नये.

सक्ती म्हणजे काय, ते प्रश्नात सांगितले आहे का

‘सक्ती’ या शब्दामागे किती वेगवेगळे नियम उभे असतात याची कल्पना अनेक उत्तरदात्यांना नसते, आणि दुर्दैवाने प्रश्न लिहिणाऱ्यांनाही कधी कधी नसते. इटलीने २०१७ च्या कायद्याने १६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १० लशी बंधनकारक केल्या. पण शिक्षा वयानुसार वेगळी ठेवली. सहा वर्षांखालील मुलाला बालवाडीत प्रवेश नाकारता येतो, तर त्यावरील मुलाला शाळेतून काढता येत नाही, त्याच्या पालकांना १०० ते ५०० युरो दंड होऊ शकतो. जर्मनीत १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या गोवर संरक्षण कायद्यातही असाच भेद आहे, कारण तेथे शालेय शिक्षणच सक्तीचे असल्याने मोठ्या मुलाला शाळेबाहेर ठेवणे शक्य नाही. दंड मात्र अडीच हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१६ पासून वेगळी वाट धरली: मुलाच्या लशी अपूर्ण असतील तर कुटुंबाला मिळणारे काही सरकारी आर्थिक लाभ रोखले जातात. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षापासून वैयक्तिक श्रद्धेच्या आधारे मिळणारी सूट बंद केली आणि मुख्यतः वैद्यकीय सूट शिल्लक ठेवली. व्हर्जिनिया राज्यात मात्र एचपीव्ही लस शाळेच्या यादीत आहे, पण माहिती वाचून पालक आपल्या मर्जीने तिला नकार देऊ शकतात.

या सर्व व्यवस्थांना सक्तीच म्हटले जाते, आणि व्यवहारात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून अहवालातील प्रश्न वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: अट न पाळल्यास काय होईल, सूट कोणाला आणि कशाच्या आधारे मिळेल, आणि ती मिळवण्यासाठी किती खटपट करावी लागेल. सूट म्हणजे नुसती सही, की दरवर्षी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, यावर लोकांचे मत बदलते आणि नियमाचा परिणामही बदलतो.

सुरुवातीच्या अभ्यासातील २१ आणि ५७ हे दोन आकडे पुन्हा येथे उपयोगी पडतात. नकाराची मुभा दिली की पाठिंबा वाढतो, हे खरे. पण ज्या अटीतून एका सहीने बाहेर पडता येते ती अट लसीकरण किती वाढवील, हा स्वतंत्र प्रश्न आहे. तेव्हा ‘५७ टक्के पालक सक्तीच्या बाजूने आहेत’ असे सांगून सूट नसलेला कायदा पुढे रेटणे जितके गैर, तितकेच ‘केवळ २१ टक्के बाजूने आहेत’ असे सांगून सूट असलेला कायदा फेटाळणेही गैर आहे. लोकांनी ज्या नियमाला होकार दिला, तो आकडा त्याच नियमापुरता वापरावा.

शब्दरचना तपासणे

आता प्रश्नाच्या शब्दांकडे वळू. प्यूच्या प्रश्नात दोन विधानांपैकी एक निवडायचे असते: एका बाजूला, लस न घेतलेल्या मुलांमुळे इतरांना धोका असल्याने निरोगी मुलांना सरकारी शाळेसाठी लस आवश्यक असावी, दुसऱ्या बाजूला, इतरांच्या आरोग्याला धोका निर्माण होत असला तरी लस न देण्याचा निर्णय पालकांना घेता यावा. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा प्रश्न वेगळा आहे: गोवरासारख्या संसर्गजन्य रोगांवरील लस आपल्या मुलांना देणे सरकारने सर्व पालकांना बंधनकारक करावे की करू नये? प्यूच्या २०२३ च्या पाहणीत ७० टक्के आवश्यकतेच्या बाजूने होते. गॅलपच्या २०२४ च्या पाहणीत ५१ टक्के ‘करावे’ म्हणाले. गॅलपचाच २०१९ चा आकडा ६२ टक्के होता.

या दोन संस्थांमधला फरक पाहून एक खोटी आणि दुसरी खरी असे ठरवण्याची घाई करू नये. पहिल्या प्रश्नात शाळा आहे, दुसऱ्यात सरकार आहे. पहिल्यात अट शाळेत येणाऱ्या मुलांपुरती आहे, दुसऱ्यात ती सर्व पालकांवर आहे. पहिल्यात इतरांना होणारा धोका स्पष्ट शब्दांत आला आहे, दुसऱ्यात तो ‘संसर्गजन्य’ या विशेषणात दडलेला आहे. यातील कोणत्या बदलाने किती फरक पडला हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही, पण फरक पडण्याजोगे बदल आहेत एवढे निश्चित. दोन्ही संस्थांच्या आपापल्या मालिकेत मात्र पाठिंबा घटताना दिसतो. म्हणजे वेगवेगळ्या प्रश्नांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये, पण एकाच प्रश्नाची मालिका वर्षागणिक कोठे जाते हे जरूर पाहावे. आरोग्यविषयक पाहण्या करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये प्यूच्याच धर्तीवर प्रश्न विचारला तेव्हा ७१ टक्के आवश्यकतेच्या बाजूने आले, जवळपास प्यूइतकेच. वेगळ्या संस्थेने सारखा प्रश्न विचारून सारखे उत्तर मिळवणे, हा आकड्यावर भरवसा ठेवण्याचा सर्वांत चांगला आधार असतो.

शब्दरचनेत आणखी दोन सापळे नेहमी आढळतात. पहिला ‘सहमत की असहमत’ या साच्याचा. अनेक माणसे, विशेषतः विषयाचा फारसा विचार न केलेली माणसे, समोर आलेल्या विधानाला मान डोलावतात. त्यामुळे ‘लस आवश्यक असावी’ आणि ‘लस ऐच्छिक असावी’ या दोन्हींना एकाच समूहात बहुमत मिळू शकते. दुसरा सापळा क्रमाचा. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंबद्दल किंवा लशीच्या दुष्परिणामांबद्दल चार प्रश्न विचारून झाल्यावर पाचवा प्रश्न सक्तीचा असेल, तर त्याचे उत्तर आधीच्या चार प्रश्नांनी घडवलेले असते. अहवालात संपूर्ण प्रश्नावली क्रमाने दिलेली नसेल, तर त्या आकड्याचा उल्लेख ‘संस्थेच्या म्हणण्यानुसार’ अशा सावध शब्दांतच करावा.

कोणाला विचारले

मोठ्या नमुन्याला भुलू नये. २०२१ च्या अखेरीस नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात कोविड लशीबद्दलच्या तीन अमेरिकी सर्वेक्षणांची प्रत्यक्ष नोंदींशी तुलना करण्यात आली. फेसबुकच्या माध्यमातून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची उत्तरे घेणाऱ्या सर्वेक्षणाने मे २०२१ मध्ये किमान एक मात्रा घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण खऱ्यापेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवले. जनगणना विभागाचे मोठे सर्वेक्षण १४ टक्केबिंदूंनी चुकले. केवळ हजारभर लोकांचे, पण नीट निवडलेल्या नमुन्याचे सर्वेक्षण वास्तवाच्या बरेच जवळ होते. नमुना एकीकडे झुकलेला असेल तर तो वाढवल्याने चूक दुरुस्त होत नाही; उलट चुकीच्या आकड्याबद्दलचा आत्मविश्वास तेवढा वाढतो.

दुसरी बाब उपगटांची. संभाव्यतेच्या नियमाने निवडलेल्या १००० लोकांच्या नमुन्यात त्रुटीची मर्यादा साधारण तीन टक्केबिंदू असते. पण त्या हजारांपैकी समजा १५० जणच किशोरवयीन मुलांचे पालक असतील, तर त्यांच्यापुरती ही मर्यादा आठपर्यंत जाते. म्हणजे ‘४८ टक्के पालक सक्तीच्या बाजूने’ हा आकडा प्रत्यक्षात ४० असू शकतो किंवा ५६ही असू शकतो, आणि त्यावरून बहुमत कोणाचे हे सांगता येणार नाही. हिशेब सोपा आहे: नमुन्यातील संख्येचे वर्गमूळ काढावे आणि १०० ला त्याने भागावे, मिळणारा अंक म्हणजे ढोबळ मर्यादा. दोन वर्षांच्या आकड्यांतील फरक पाहताना ही मर्यादा आणखी रुंद धरावी लागते. शिवाय ‘प्रौढ’, ‘पालक’ आणि ‘किशोरवयीनांचे पालक’ हे तीन वेगळे समूह आहेत, हे लक्षात ठेवावे. ज्यांच्या मुलांना आता लस घ्यावयाची आहे त्यांचे मत, आणि ज्यांची मुले कधीच मोठी झाली त्यांचे मत, एकच असेल असे गृहीत धरू नये.

आणि ज्यांच्या दंडात सुई जाणार आहे त्यांचे काय? बहुतेक सर्वेक्षणांत किशोरवयीनांना विचारलेलेच नसते. याचे एक कारण व्यावहारिक आहे: अल्पवयीनांना प्रश्न विचारण्यासाठी बहुधा पालकांची संमती लागते, आणि संमती देणारे पालक सरासरी पालकांपेक्षा वेगळे असू शकतात. तरीही हा आवाज बाजूला टाकण्याजोगा नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८५ च्या गिलिक खटल्यात असे मानले की, पुरेशी समज असलेले १६ वर्षांखालील मूल स्वतःच्या उपचाराला संमती देऊ शकते. शाळांमधील लसीकरणातही हे तत्त्व लागू होते. त्यामुळे किशोरवयीनांबद्दलच्या सर्वेक्षणात ‘पालकांचा अधिकार’ आणि ‘सरकारचा अधिकार’ एवढेच दोन पर्याय असतील, तर तिसरा पक्ष प्रश्नातूनच वगळला गेला आहे असे समजावे आणि तसे लिहावे.

काळ आणि पार्श्वभूमी

प्रत्येक आकड्याशेजारी महिना आणि वर्ष असलेच पाहिजे. एचपीव्हीवरील पहिल्या लशीला अमेरिकेत जून २००६ मध्ये मंजुरी मिळाली. जेमतेम आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी सहावीत जाणाऱ्या मुलींसाठी ती आवश्यक करण्याचा आदेश काढला. पालकांना नकाराची मुभा त्या आदेशातही होती. तरीही विधिमंडळाने काही महिन्यांतच तो निष्प्रभ केला, कारण रोष केवळ लशीवर नव्हता: विधिमंडळाला बाजूला ठेवून काढलेला आदेश, लशीचे नवेपण, आणि ती सक्तीची व्हावी यासाठी लस बनवणाऱ्या मर्क कंपनीचे राज्याराज्यांत चाललेले प्रयत्न, या सर्वांवर तो होता. कंपनीने त्याच महिन्यात हे प्रयत्न थांबवल्याचे जाहीर केले. त्या दिवसांतील सर्वेक्षण आणि दहा वर्षे लस वापरून झाल्यानंतरचे सर्वेक्षण एकाच तक्त्यात बसवायचे असेल, तर ही पार्श्वभूमी तळटिपेत तरी द्यावी लागेल.

सरासरीच्या पोटात काय चालले आहे तेही पाहावे. प्यूच्या मालिकेतील घसरण सर्वत्र सारखी नव्हती. रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेल्यांत शाळेतील आवश्यकतेला पाठिंबा २०१९ मधील ७९ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ५७ टक्क्यांवर आला, तर डेमोक्रॅट पक्षाकडे कल असलेल्यांत तो फारसा बदलला नाही. असे असताना ‘अमेरिकी लोकांचे मत बदलले’ हे वाक्य अपुरे ठरते.

मत म्हणजे कृती नव्हे

‘लस देणार’ म्हणणारे सगळे पालक लस देत नाहीत, आणि विरोध नोंदवणारे अनेक जण नियम आला की निमूटपणे देतात. म्हणून जनमताच्या आकड्याशेजारी प्रत्यक्ष लसीकरणाची नोंद ठेवून पाहावी. अमेरिकेत १३ ते १७ वर्षांच्या मुलांच्या लसीकरणाची राष्ट्रीय पाहणी पालकांच्या आठवणीवर थांबत नाही. ती डॉक्टरांकडील नोंदींतून खातरजमा करते. अशी नोंद उपलब्ध असेल तर पालकांच्या तोंडी उत्तरापेक्षा तिलाच मान द्यावा.

सक्ती आणि प्रमाण यांचे नातेही सरळ नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून शाळांमधून मुलींना एचपीव्ही लस देण्यात आली. ती ऐच्छिक होती, तरी कोविडपूर्व काळात बहुतेक वर्षे इंग्लंडमध्ये ८० टक्क्यांहून अधिक मुलींनी ती घेतली. जपानमध्येही सक्ती नव्हती. तेथे सरकारने जून २०१३ मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर सक्रिय शिफारस थांबवली आणि जे प्रमाण सुमारे ७० टक्के होते ते नंतरच्या वर्षांत एका टक्क्याच्याही खाली गेले. शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडले. तेव्हा एखाद्या ठिकाणी प्रमाण कमी दिसले की ‘जनमत विरोधात आहे’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. लस शाळेत मिळते का, शिफारस कोण करतो आणि किती ठामपणे करतो, यांचा वाटा अनेकदा मतापेक्षा मोठा असतो.

स्वतः छोटे सर्वेक्षण करायचे असल्यास

शाळेच्या समितीला किंवा विद्यार्थ्याला स्वतः पालकांचे मत अजमावायचे असेल, तर प्रश्नावली छोटी ठेवावी आणि वरील सर्व कसोट्या तिला लावाव्यात. लशीचे नाव, वय आणि ती कोणत्या रोगावर आहे हे एका वाक्यात सांगावे. त्यात ना भीती घालावी, ना भलामण करावी. मग मत, स्वतःच्या मुलाबद्दलचा निर्णय आणि सर्वांसाठीची अट, हे तीन प्रश्न स्वतंत्र विचारावेत. अटीचा प्रश्न ‘सहमत की असहमत’ असा न ठेवता पर्यायांचा ठेवावा. उदाहरणार्थ: ‘सातवीत प्रवेश घेताना ही लस घेतल्याचा दाखला मागण्याबाबत तुमचे मत पुढीलपैकी कशाच्या सर्वांत जवळ आहे? दाखला सर्वांना आवश्यक असावा, सूट फक्त वैद्यकीय कारणासाठी असावी. दाखला आवश्यक असावा, पण पालकांना लेखी नकार देता यावा. शाळेने माहिती द्यावी, दाखला मागू नये. शाळेने या विषयात पडू नये. अजून मत ठरलेले नाही.’ शेवटचा पर्याय अजिबात गाळू नये. तो गाळला तर ज्यांनी विचारच केलेला नाही त्यांची उत्तरे इतर चारांत विखुरतात आणि पक्क्या मतांसारखी दिसू लागतात.

प्रश्नावली वाटण्याआधी ती पाच-सहा पालकांकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ लावला ते विचारावे. बहुतेक दोष येथेच उघडे पडतात. शक्य असेल तर पर्यायांचा क्रम निम्म्या प्रतींमध्ये उलटा ठेवावा. मोबाइलवरच्या गटात दुवा टाकून येतील ती उत्तरे घेण्यापेक्षा यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पालकांचा पाठपुरावा करणे जड जाते, पण त्यातून मिळणारे शंभर प्रतिसाद त्या दुव्यावरच्या हजारांपेक्षा उपयोगी असतात. किती जणांना विचारले आणि त्यांपैकी किती जणांनी उत्तर दिले, हे दोन्ही नोंदवावे. कोणत्या मुलाने लस घेतली आहे वा नाही ही खासगी आरोग्यविषयक माहिती आहे. नाव, इयत्ता आणि तुकडी एकत्र मागितल्यास निनावी म्हटलेली प्रश्नावलीही निनावी राहत नाही, म्हणून यांपैकी जे लागत नाही ते मागूच नये.

सार्वजनिक सुनावणीत बोलायला आलेले लोक किंवा निवेदनावर सह्या करणारे लोक हे सर्वेक्षण नव्हे, हेही समितीने ध्यानात ठेवावे. त्यांचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे, कारण त्यांतून आक्षेपांची कारणे कळतात. पण असे आक्षेप किती जणांचे आहेत हे त्यांवरून कळत नाही. ज्यांची हरकत नसते ते सहसा संध्याकाळ खर्चून ते सांगायला येत नाहीत.

निष्कर्ष लिहिताना

एका वाक्यात किमान पाच गोष्टी याव्यात: कोणाला विचारले, केव्हा, कोणत्या लशीबद्दल, कोणत्या अटीबद्दल आणि सूट होती की नव्हती. ‘पालकांचा एचपीव्ही सक्तीला विरोध’ याऐवजी असे लिहावे: ‘११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या अमेरिकी पालकांच्या २०१४-१५ मधील सर्वेक्षणात, शाळेसाठी एचपीव्ही लस आवश्यक करणारा कायदा २१ टक्क्यांना चांगला वाटला, पालकांना नकार देता येईल अशी तरतूद सांगितल्यावर हे प्रमाण ५७ टक्के झाले.’ वाक्य लांबते, हे मान्य. मथळ्यात ते मावणार नाही, तर मथळा मवाळ ठेवावा आणि हे वाक्य पहिल्या परिच्छेदात द्यावे. ‘वाढला’ किंवा ‘घटला’ हे शब्द एकाच प्रश्नाच्या दोन वेळच्या उत्तरांसाठी राखून ठेवावेत. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांना विरोधकांत किंवा समर्थकांत मिळवू नये. आणि मूळ प्रश्न जसाच्या तसा छापावा. जागा कमी पडत असेल तर आलेख गाळावा, प्रश्न गाळू नये.